नातवंडे वसतिगृहात असताना

आपला नातू वा नात एखाद्या लहान अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत असेल, तर तेथील जग समजून घ्यावे. विद्यार्थी थोडे, सारे परस्परांस ओळखतात. स्नेह लवकर जुळतो, पण एकट्या पडलेल्यास दुसरा गटही मिळत नाही. सबमिशनच्या आधीचे जागरण, मेसऐवजी वडापाव, हे चालायचेच. मात्र दोन आठवडे झोप उडणे, जेवण टाळणे, मित्रांविषयी अवाक्षर न काढणे, याकडे दुर्लक्ष नको. मरणाची भाषा निघाल्यास तर एक दिवसही थांबू नये. ‘गुण किती मिळाले?’ याआधी ‘आज जेवायला सोबत कोण होते?’ असे विचारावे, उपदेश आवरावा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे विनामूल्य क्रमांक जवळ ठेवावेत.