बाजारपेठेची माहिती फुकटही मिळते

महागडे अहवाल विकत घेतल्याशिवाय लघुउद्योजकाला बाजारपेठ कळत नाही, हे म्हणणे पटत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे २०२३-२४ चे कौटुंबिक खर्चाचे सर्वेक्षण फुकट उपलब्ध आहे. त्यानुसार देशात दरडोई मासिक खर्च गावांत ४,१२२ रुपये, शहरांत ६,९९६; पैकी पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर अनुक्रमे सुमारे १० व ११ टक्के. म्हणजे फरसाणवाल्याने गावाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही! फुकट मिळणारी जनगणनेची आकडेवारी २०११ ची, शिळी, हा आक्षेप रास्तच. म्हणून तर ताजी सर्वेक्षणे सोबत वाचायची. जिल्ह्याचे तपशील राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’त मिळतात. राहिली गिऱ्हाइकाची आवडनिवड. ती या आकड्यांत नाही, मान्य. पण त्यासाठी आठवडी बाजारात दुकानदारांना कोणते पाकीट आधी संपते, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.