मिशीला मेण हवं, पण मोहोळ जाळून नको

मंडळी, विषय हलका वाटेल, पण वाचून बघा. मे महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. मांडवात नवरदेवाचे मामा उभे. फेटा कडक, धोतर कडक आणि मिशी तर विचारूच नका, दोन्हीकडे विंचवाच्या नांगीसारखे आकडे. लग्न घटकेवर लागलं नाही हे काही नवीन नाही. बारा वाजले, एक वाजला, वरात काही पारावरून हलेना. मांडवाच्या दारात येईपर्यंत मामांचे आकडे उतरून हनुवटीला लागले होते आणि वरच्या ओठावर तेलाची चकाकी. पोरं हसली. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तीनशे रुपयांची डबी मागवली पोराकडून. वर लिहिलंय बारा तास हलणार नाही. इथं दोन तास टिकली नाही!"

मामांची फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. डबी खोटी नव्हती. ती आपल्या हवेची नव्हती, एवढंच. बियाणं घेताना आपण जमीन, पाणी, हंगाम बघतो. दुकानदाराने पिशवीवरचं चित्र दाखवलं म्हणून कोरडवाहूत बागायती वाण लावत नाही. मिशीच्या मेणाचंही तसंच आहे.

आता हा बाजार वाढला कसा, ते आधी बघू. २०१९ च्या मार्चमध्ये वायुदलाचे विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानातून परत आले आणि महिनाभर खेड्यापाड्यातल्या सलूनमध्ये "तसली मिशी" करून घ्यायला पोरांनी गर्दी केली. मोठ्या कंपन्यांनी हे वारं त्याआधीच ओळखलं होतं. पॅराशूट खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीने दाढी-मिशीची प्रसाधनं करणाऱ्या बिअर्डो कंपनीत २०१७ साली हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये ती पूर्ण विकत घेतली. म्हणजे ज्यांच्या तेलाने आपल्या आज्याने केस चोपडले, त्यांच्याच घरात आता नातवाच्या मिशीचं मेण आलं आहे. गुलमंडीत नाही मिळालं तर मोबाईलवरून मागवता येतं, तालुक्यापर्यंत पार्सल येतं. पैसे आपले, निवड आपली. पण निवडायचं कशावरून?

पहिली गोष्ट उष्णतेची. मिशीला ताठ ठेवतं ते मेण, तेल नव्हे. तेल फक्त मेणाला मऊ करतं, म्हणजे ते बोटाने लावता येतं. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. खोबरेल चोविस-पंचविसालाच पातळ होतं. पेट्रोलियम जेली आपल्या ओठाच्या ऊबेनेच मऊ पडते. संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तो सावलीतला. उन्हात काळ्या केसांना त्याहून किती जास्त तापायला होत असेल, ते ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावून बघा. ज्या डबीत जेली नाहीतर खोबरेल जास्त आणि मेण कमी, ती विलायतेत दिवसभर टिकेल, वेरूळच्या घाटात तासभर टिकणार नाही. म्हणून डबीमागचं बारीक अक्षर वाचा. जो पदार्थ आधी लिहिलेला असतो तो जास्त असतो. आधी पेट्रोलियम आणि मग मेण असं असेल तर ती डबी हिवाळ्यापुरती समजा. काही डब्यांत कार्नोबा नावाचं मेण असतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून निघतं, ८२ अंशाच्या पुढे वितळतं आणि फार कडक असतं. थोडं असेल तर उन्हाळ्याला उत्तम. जास्त असेल तर मिशीवर कोंड्यासारखे पांढरे कण दिसतात आणि लावताना केस ओढले जातात.

आमच्याकडे मिशीला तूप लावून फिरण्याची म्हण आहे. पोटात नसलं तरी जेवून आल्याचा आव आणायचा, असा तिचा अर्थ. पण ज्याने कुणी ती म्हण काढली त्याने खरंच तूप लावून बघितलं नसावं. तूप मिशीला झळाळी देतं, ताठा देत नाही. एरंडेल त्यापेक्षा बरं. ते चिकट आणि जड असतं, केस एकत्र धरतं. पण नुसत्या एरंडेलावर आकडा उभा राहत नाही. राजस्थानातले रामसिंग चौहान यांच्या मिशीची लांबी २०१० साली ४.२९ मीटर भरली, जगात सर्वांत लांब म्हणून नोंद झाली. तेवढी मिशी तेलाने वाढवता येईल. ती उभी करायला मात्र मेणच लागेल.

दुसरा प्रकार डिंकाचा. युरोपात हंगेरी देशाच्या नावाने ओळखलं जाणारं जुनं मिशीचं लेपन आहे. त्यात मेण, साबण आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो. पाणी लावून बोट फिरवायचं आणि मिशीला ओढून पीळ द्यायचा, की वाळल्यावर ती कडक होते. याची खुबी अशी की डिंक उन्हाने वितळत नाही. कोरड्या उन्हात हे लेपन मेणाला मागे टाकतं. पण घाम आला, पाऊस आला, चहाची वाफ लागली की पुन्हा चिकट. म्हणजे एप्रिलच्या लग्नाला डिंक, श्रावणातल्या भंडाऱ्याला मेण. बाभळीचा डिंक आपल्या बांधावर फुकट आहे. स्वच्छ पारदर्शक खडे निवडायचे, रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायचे, फडक्याने गाळायचे. दोन-तीन दिवसांपुरतंच करा, नंतर आंबट वास येतो. लाडवाला धावड्याचा डिंक, मिशीला बाभळीचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चहावरून आठवलं. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात मेण लावलेल्या मिशीवाल्यांसाठी खास कप निघाले होते. कपाच्या तोंडाला आतून चिनीमातीची पट्टी, तिच्यावर मिशी टेकवायची आणि खालच्या फटीतून चहा ओढायचा. तिकडच्या फौजेत वरच्या ओठावरची मिशी काढायला बंदी होती. ती सक्ती १९१६ साली, पहिल्या महायुद्धात उठली. आपल्या लोकांनी असला कप घेतला नाही. बशी आहे ना!

आता घरी करायचं असेल तर. दोन भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग एरंडेल किंवा खोबरेल, वजनाने. उन्हाळ्यात मेण तीन भाग घ्या, हिवाळ्यात दीड भाग पुरे. मेण थेट चुलीवर ठेवू नका, ते पेट घेतं. पातेल्यात पाणी तापवा, त्यात दुसरं छोटं भांडं ठेवा, त्यात मेण वितळवा, मग तेल घाला, ढवळा आणि डबीत ओता. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडाच्या कढईत मेण काळवंडतं. जास्त पकड हवी असेल तर चिमूटभर राळ घालतात. पण राळेने काहींच्या ओठावर पुरळ उठते, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर बघा. लावताना नखभर मेण अंगठ्याच्या नखाने खरवडायचं, दोन बोटांत चोळून मऊ करायचं आणि कोरड्या मिशीला मधून टोकाकडे ओढायचं. ओल्या मिशीला मेण धरत नाही. निम्म्या लोकांची तक्रार मेणाची नसते, टॉवेल न घेण्याची असते. काढताना साबणाशी झटापट नको. कोमट तेलाने मेण सुटतं, मग धुवायचं.

मेण खरं की खोटं हेही बघावं लागतं. बाजारात मेणबत्तीचं पॅराफिन पिवळा रंग देऊन मधमाशीचं म्हणून खपवलं जातं. खऱ्या मेणाला मधाचा वास असतो आणि तळहातावर चोळलं की ते कणकेसारखं वळतं. पॅराफिन बुळबुळतं आणि तुटतं. खऱ्या मेणाची वडी जुनी झाली की तिच्यावर पांढरट धूळ आल्यासारखं दिसतं. ती बुरशी नव्हे, फेकू नका. फडक्याने पुसली की जाते.

इथपर्यंत सगळं मिशीचं झालं. पण हे मेण येतं कुठून, हा खरा माझा मुद्दा आहे. आपल्याकडे गावोगाव विकायला येणारं मेण बहुतेक आग्या मोहोळाचं असतं. अजिंठ्याच्या कड्याला, दौलताबादच्या किल्ल्याला, गावाकडच्या वडा-पिंपळाला लटकतं तेच. ते काढण्याची आपली रीत सगळ्यांनी बघितली आहे. रात्री पलित्याने मोहोळ जाळायचं, माश्या पेटून खाली पडतात, पोळं अंड्या-पिल्लांसकट तोडायचं, हाताने पिळायचं. मध बाटलीत, मेण वेगळं. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो असं सांगतात. ती वसाहत आपण दोन बाटल्यांसाठी राख करतो. आग्या मोहोळाच्या माश्या हंगाम बदलला की निघून जातात आणि पुढच्या हंगामात त्याच कड्याला, त्याच झाडाला परत येतात. जाळल्यावर परत यायला कोण राहतं?

यात शेतकऱ्याचं काय गेलं म्हणाल, तर सांगतो. वैजापूर-कन्नडकडे कांद्याचं बी धरणाऱ्याला विचारा. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतो, स्त्रीकेसर नंतर. त्याच फुलाचा पराग त्याला उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि तो आणते माशी. गोंडा दिसायला भरदार, हातात चोळला तर बी पोकळ, हा अनुभव ज्याने घेतला त्याने आपल्या शिवारातली मोहोळं मोजून बघावीत. सूर्यफुलाचंही तेच. गोंडे फुलावर असताना सकाळी दहाला कीटकनाशक मारणारे बहाद्दर आपल्यातच आहेत. मारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या घरी गेल्यावर मारा.

मेण काढायची दुसरी रीत आहे आणि ती काही परदेशी नाही. पुण्याला १९६२ पासून खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आग्या मोहोळाच्या पोळ्याचा मधाचा भाग वर एका कोपऱ्याला असतो, तेवढाच दिवसा कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, ही पद्धत शिकवली जाते. जाळी, हातमोजे, धूर, बस. सातेरी माशी तर पेटीत राहते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. केंद्राने २०२० मध्ये मधमाशीपालनाच्या अभियानाला ५०० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा सह्याद्रीच्या कुशीतच का मुरावा? गौताळ्याच्या डोंगराकाठच्या गावांना फुलं कमी आहेत का? ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनी ग्रामसभेत एवढा एक विषय घ्यावा, पेटी कोणाला हवी ते लिहून घ्यावं आणि खादी मंडळाच्या जिल्हा कार्यालयाकडे पाठवावं. हिशेबही सोपा आहे. तीस ग्रॅमच्या डबीत वीस ग्रॅम मेण धरलं तर एका किलोत पन्नास डब्या होतात. मामांनी एकीचेच तीनशे रुपये मोजले होते. आपल्या बचत गटाने निम्म्याला विकली तरी कुणाचं नुकसान नाही.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. मिशीची आपल्याकडे इज्जतीशी गाठ आहे, आणि म्हणून काही जणांना वाटतं की पीळ फक्त आपल्याच मिशीला असावा. २०१७ साली गुजरातेत गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाली. ते गुजरातेतलं, आपल्याकडे तसं नाही, असं म्हणायला मी तयार नाही. पारावरचे टोमणे मी ऐकले आहेत, तुम्हीही ऐकले असतील. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची मिशी जबरदस्तीने काढणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नाव घेऊन लिहिलेला गुन्हा आहे, ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पोलीस पाटलांनी हे ठाऊक ठेवावं. गावातली शांतता बिघडेल अशी गोष्ट कानावर आली तर ठाण्याला कळवणं हे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्यांचंच काम आहे, मग टोमणा मारणारा त्यांचा भाऊबंद का असेना.

मामांना मी पुढच्या आठवड्यात घरी केलेली डबी दिली, तीन भाग मेणाची. जूनमध्ये भेटले. आकडे उभे होते. म्हणाले, "टिकतंय, पण वास मधाचा येतोय, मुंग्या लागतील काय?" लागत नाहीत. मेणात साखर नसते. वडी वितळवण्याआधी गरम पाण्यात धुऊन घ्या, राहिलेला मध पाण्यात जाईल आणि मेण वर येईल.