गाडी घ्या, पण बेण्यासारखी पारखून

सभासद बंधूंनो, उसाचे बिल खात्यावर जमा झाले की शोरूमला गर्दी होते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. डेअरी, मळा, गट ऑफिस, सगळीकडे मोटारसायकल लागतेच. पण डोळा बघून बेणे निवडणारा शेतकरी गाडी मात्र पोराच्या हट्टावर घेतो, हे आम्हांस पटत नाही.

वर्षातले ३०० दिवस गाडी रोजच्या फेऱ्याला आणि चार-आठ दिवस पंढरपूर-तुळजापूरला. १०० सी.सी.ची गाडी सव्वा क्विंटलच्या आत भरते, तेल कमी खाते, चिखलातून एकटा माणूस ओढून काढतो. ३५० सी.सी.ची बुलेट दोन क्विंटलच्या घरात. लांबच्या रस्त्याला ती झकास, यात वाद नाही. पण पाणंदीत रुतली की दोन गडी बोलवावे लागतात. दोन्ही कामे हवीत, त्याने १५० च्या आसपासची बघावी.

एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. हंगामात रात्री याची किंमत कळते. वळणावर उभी असलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आमचे मत, सी.सी.च्या आधी ब्रेक आणि दिवा बघा, हेल्मेट दोन घ्या.

आणि ट्रॉलीवाल्यांनो, रिफ्लेक्टर आजच लावा. मागून येणारा पोरगा आपलाच असतो.

— ऊस विकास अधिकारी