पासिंग कागदाची की गाडीची?

४ जुलै २०२३ च्या सकाळी मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील पळासनेर गावाजवळ, मध्य प्रदेशाकडून येणारा एक मालवाहू कंटेनर मोटारसायकलींना, एका मोटारीला आणि पुढच्या दुसऱ्या कंटेनरला धडक देत थेट बस थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे ठार झाली, वीसहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत आणि जखमींत अशीही माणसे होती की जी कोणत्याच गाडीत बसलेली नव्हती. ती थांब्यावर उभी होती. कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, असे पोलिसांनी प्राथमिक माहितीत सांगितले.

"ब्रेक निकामी झाले" हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचतो की वीज पडली, पूर आला, तसा ब्रेक फेल झाला, असे आपल्याला वाटू लागले आहे. जणू दैवाचीच करणी! कारणावाचून कार्य घडत नाही, हे ज्यांना तथागताने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे त्या समाजाने तरी हे वाक्य मुकाट्याने गिळू नये. ब्रेक एका क्षणात निकामी होत नाही. लायनर महिनोन्महिने झिजते, हवेची नळी गळते, क्षमतेपेक्षा जास्त माल भरून घाट उतरताना ड्रम तापतो. यातले बरेचसे आधी दिसू शकते. दिसावे म्हणूनच कायद्याने गाडीची तपासणी सक्तीची केली आहे. तिला आपल्या खान्देशात कोणी 'फिटनेस' म्हणत नाही, 'पासिंग' म्हणतात. "गाडी पासिंगला नेली आहे," "पासिंग संपली आहे." प्रश्न असा आहे की पासिंग नेमकी कोणाची होते? गाडीची की कागदाची?

या प्रश्नाला आपल्याच जिल्ह्याचे एक उदाहरण आहे. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरकडे येणारी एसटीची बस मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. किमान बारा जणांचे मृतदेह बाहेर काढावे लागले. बस अमळनेर आगाराची, सुमारे दहा वर्षे जुनी. तिच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत २७ जुलै २०२२ पर्यंत होती. म्हणजे अपघाताच्या दिवशी कागद पूर्ण कायदेशीर होता, अजून नऊ दिवस शिल्लक होते. बस कोसळण्याचे कारण यांत्रिक दोषच होता असे मी म्हणत नाही. मी एवढेच दाखवतो आहे की जवळपास वर्षापूर्वी एका दिवशी केलेल्या तपासणीचा दाखला आजच्या गाडीबद्दल किती थोडे सांगतो. त्या एका दिवशीची तपासणीही जर नुसती शाईची असेल, तर तो दाखला काहीच सांगत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन हे नोंदणी झालेलेच नाही असे मानले जाते. ट्रक, टेम्पो, पिकअप, काळी-पिवळी, अॅपे रिक्षा, एसटी, खासगी ट्रॅव्हल्स, सगळे यात आले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ६२ मध्ये मुदती आहेत. २०१८ च्या दुरुस्तीपासून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. घरच्या मोटारसायकलीला किंवा मोटारीला ही दगदग नाही. तिची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, वायपर, हॉर्न, धूर, वेग नियंत्रक, मागचे-बाजूचे रेडियम, सगळे तपासले पाहिजे असे नियमात लिहिले आहे. नियम लिहिण्यात आपला देश कधीच कमी पडलेला नाही.

अंमलबजावणीचे काय झाले? पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आरटीओत गाड्या न तपासताच दाखले दिले जातात, हा तिचा गाभा. ब्रेक तपासायला गाडी पळवून थांबवावी लागते, त्यासाठी २५० मीटरचा सलग रस्ता लागतो. राज्यातल्या कित्येक कार्यालयांकडे तो नव्हताच! मग ब्रेक तपासत होते कुठे? उच्च न्यायालयाने २०१६ साली या याचिकेत आदेश दिले, त्यांचे पालन होईना म्हणून पुढेही कानउघाडणी केली. जिथे ट्रॅक नाही तिथले पासिंग बंद पडले आणि गाडीमालकांना दुसऱ्या कार्यालयाचा रस्ता धरावा लागला. २०१८ साली शासनाने तपासणीत कसूर केल्याबद्दल अनेक मोटार वाहन निरीक्षकांना निलंबित केले. एका नागरिकाने वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा शासनाला कळले की ब्रेक तपासायला रस्ता लागतो.

आता दुसरा अध्याय सुरू आहे, यंत्राचा. २०१९ च्या दुरुस्तीने आणि सप्टेंबर २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित तपासणी केंद्रे आणली. गाडी रोलरवर चढवायची, ब्रेकची ताकद, चाकांचे घसरणे, दिव्याचा झोत, धूर हे सारे यंत्राने मोजायचे आणि निकाल संगणकाने द्यायचा. केंद्र चालवणाऱ्याला गाड्या दुरुस्त करण्याचा, विकण्याचा किंवा सुटे भाग विकण्याचा धंदा करता येणार नाही, अशी अट आहे, आणि ती अत्यंत योग्य आहे. जो नापास करतो त्याचेच गॅरेज शेजारी असेल तर काय होईल, हे कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा. जड वाहनांना ही यंत्र-तपासणी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची होणार होती. मग तारीख १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलली गेली. उत्तर महाराष्ट्रात नाशिकला असे केंद्र फार आधीच उभे राहिले. पण अक्कलकुव्याचा किंवा मुक्ताईनगरचा पिकअपवाला पासिंगसाठी नाशिकला जाणार असेल तर एक दिवसाची मजुरी, डिझेल आणि टोल हे सगळे त्या तपासणीच्या शुल्कातच धरले पाहिजे.

आपल्याकडे धुळ्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालय एमएच-१८, जळगाव एमएच-१९, नंदुरबार एमएच-३९. अलीकडे चाळीसगावला एमएच-५२ आणि भडगावला एमएच-५४ हे नवे क्रमांक मिळाले. गिरणाकाठच्या माणसाचा जळगावचा हेलपाटा वाचला, हे चांगलेच झाले. पण नवा क्रमांक मिळाला की फटाके वाजतात, सत्कार होतात. तिथे ट्रॅक कुठे आहे, यंत्र कुठे आहे, निरीक्षक किती आहेत, हे कोणी विचारत नाही. पाटीचे उद्घाटन करता येते, रोलर ब्रेक टेस्टरचा हार घालून फोटो निघत नाही! आपल्या कार्यालयाच्या हद्दीत स्वयंचलित केंद्र चालू आहे का आणि तपासणीची वेळ कधीची मिळते, हे केंद्राच्या 'परिवहन' संकेतस्थळावर 'वाहन' विभागात पाहायचे. वेळ तिथेच स्वतः नोंदवता येते, शुल्क तिथेच भरता येते. एजंट ज्या कामाचे पैसे घेतो त्यातले निम्मे काम हे आहे. उरलेले निम्मे काय असते, ते सर्वांना माहीत आहे.

आता एक कडू गोष्ट, जी आपल्याच लोकांना सांगायची आहे. डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पासिंगची मुदत संपल्यावर दररोज ५० रुपये जादा शुल्क लावले. एखादी रिक्षा आजारपणामुळे, हप्ते थकल्यामुळे वर्षभर दारात उभी राहिली, तर १८,२५० रुपये. जुन्या रिक्षाची बाजारात तेवढी किंमत येत नाही. उच्च न्यायालयात बस मालकांची याचिका फेटाळली गेल्यावर मे २०२४ मध्ये राज्यात वसुलीचे आदेश निघाले. रिक्षा-टॅक्सी चालकांनी राज्यभर आंदोलने केली आणि जुलै २०२४ मध्ये शासनाने विधिमंडळात स्थगिती जाहीर केली. आंदोलन शंभर टक्के न्याय्य होते. जो गाडी रस्त्यावर आणतच नाही त्याला दिवसाचे पन्नास रुपये कशाचे? शिवाय स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हेही लक्षात ठेवा. त्यातच जुन्या गाड्यांचे शुल्क वाढत गेले. पंधरा वर्षांवरच्या तीनचाकीला १ एप्रिल २०२२ पासून प्रमाणपत्राचे ३,५०० रुपये ठरले. नोव्हेंबर २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांवरच्या तीनचाकीला ७,००० रुपये ठरवले. जुनी गाडी कोण चालवतो? ज्याला नवी परवडत नाही तो.

परंतु या आंदोलनांत काही ठिकाणी "पासिंगच नको" अशीही भाषा ऐकू आली. ही भाषा आपण बोलू नये. शुल्काविरुद्ध लढा, दंडाविरुद्ध लढा, एजंटगिरीविरुद्ध लढा. तपासणीविरुद्ध लढू नका. कारण खराब गाडीचा पहिला बळी तिचा मालक क्वचितच असतो. चालक असतो, मागे बसलेली बाई असते, पळासनेरच्या थांब्यावर उभा असलेला माणूस असतो. मालकाने वाचवलेल्या लायनरच्या पैशाची किंमत मजूर मोजतो.

आणि मेल्यावरसुद्धा मोजतो. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात दाखल झाला की विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेपासून दोन कागद मागतो, परवाना आणि पासिंग. पासिंग नसणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१८ साली पारीद पिल्लई प्रकरणात दिला. महाराष्ट्रावर तो बंधनकारक नाही, पण कंपन्या तो हमखास पुढे करतात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अमृत पाल सिंग प्रकरणात परवाना नसलेल्या गाडीबाबत सांगितले की कंपनीने बळीच्या कुटुंबाला आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला निदान काही मिळते, आणि शेवटी रिक्षावाल्याचे घर विकायची पाळी येते. पन्नास रुपयांच्या दंडाविरुद्ध मोर्चात येणाऱ्या बांधवांनी हा मोठा दंडही समजून घ्यावा.

मालावर बसलेल्या मजुराचे काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन निघालेली मालगाडी मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यातील किनगावजवळ उलटली. बायका-मुलांसह किमान पंधरा मजूर पपईखाली दबून मेले. आभोडा, केऱ्हाळा, रावेर इथली ही माणसे दिवसभर माल भरून त्याच मालावर बसून घरी निघाली होती. आता कायदा पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात ठरवले की मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला संरक्षण आहे, गाडीवर कामाला असलेल्याला कामगार भरपाईपुरते आहे. म्हणजे तोच माणूस त्याच पपईवर बसून मेला, तरी तो 'हमाल' की 'फुकटचा प्रवासी' यावर त्याच्या मुलांना काय मिळणार हे ठरते. म्हणून मजुरांच्या टोळ्यांना, मुकादमांना माझे सांगणे आहे की कोण कोणत्या गाडीवर कामाला गेले याची वही ठेवा, मजुरीच्या चिठ्ठ्या फाडू नका. दावा उभा राहतो तो या चिठ्ठीवर. आणि केळी-पपईच्या व्यापाऱ्याला सांगा की मजुरांना परत आणायला वेगळी प्रवासी गाडी द्यावी. एका खेपेच्या भाड्यात काही तो बुडत नाही.

गाडी नापास झाली तर काय करायचे? कलम ५६ प्रमाणे प्रमाणपत्र नाकारताना कारणे लेखी देणे बंधनकारक आहे. "उद्या या", "एजंटला भेटा" हे कारण नव्हे. लेखी कारण मागा. कलम ५७ प्रमाणे तीस दिवसांत अपील करता येते. स्वयंचलित केंद्रातही दुरुस्ती करून, पुन्हा शुल्क भरून फेरतपासणीची सोय आहे. मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे फेरतपासणीतही नापास झालेली गाडी आयुष्य संपलेली ठरते आणि तिची वाट भंगाराकडे जाते. म्हणून आधी आपल्या मेस्त्रीकडून लायनर, किंगपिन, पाटे, टायर पाहून घ्या आणि मगच केंद्रावर जा. रिक्षा संघटनांनी हे काम सामूहिक करावे. एका मेस्त्रीला रविवारी थांब्यावर बसवले तर पंधरा-वीस गाड्या सहज पाहून होतील. कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात आपल्या कार्यालयाला विचारावे: महिन्यात किती गाड्या तपासल्या, किती नापास केल्या, ब्रेक कुठे तपासले, चित्रीकरण आहे का. ज्या कार्यालयात वर्षभर एकही गाडी नापास होत नसेल, तिथे काय चालते हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे आपल्या दारातही आणले पाहिजे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला भुसावळ-जळगावहून आगगाडीने जाणारे बरेच, पण वस्त्यावस्त्यांतून ट्रॅव्हल्स आणि पिकअपही निघतात. वर्गणी गोळा होते, निळे झेंडे लागतात, आणि गाडी कोणती तर जी सर्वांत स्वस्त पडली ती. मालवाहू पिकअपमध्ये उपासक-उपासिकांना उभे करून चारशे किलोमीटर नेणे हे कोणत्याच अर्थाने अभिवादन नाही, आणि वर सांगितलेल्या निकालानंतर त्याचा कायदेशीर अर्थही स्पष्ट आहे. इसार देण्यापूर्वी गाडीचा नंबर 'एम-परिवहन' अॅपवर टाकला की पासिंग कधी संपते, विमा कधी संपतो, ते तिथेच दिसते. मालकाकडून परवान्याची प्रत मागून घ्यावी. मग खाली वाकून चारही टायर पाहावेत. गोटा झालेला टायर कोणत्याच अॅपवर दिसत नाही.