शस्त्र परळला, हात उपनगरात

बोरिवली-मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरातील स्त्री छातीतील गाठ दाखवण्यास परळला पोहोचते, तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो. परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालयही. कुत्रीच्या स्तनातील गाठ असो वा बाईच्या, नियम एकच : ती लहान असतानाच काढली, तर जगण्याची आशा अधिक.

परंतु गाठ आधी सापडली पाहिजे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हाताने तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. तरुण वयात तसा लाभ दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हा शस्त्रक्रिया परळला होवो. तपासणी मात्र अंधेरी-घाटकोपरच्या पालिका दवाखान्यांत नित्याची व्हावी. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत, शिकवलेले हात हवेत. तेही आपण देणार नसू, तर दोष रोगाचा कसा?