गुणवंतांच्या फलकाबाहेरची गुणवत्ता

निकालाचे दिवस आले की आपल्याकडचे चौक अभिनंदनाच्या फलकांनी भरून जातात. शिष्यवृत्ती मिळवणारे, नव्वद टक्क्यांची सीमा ओलांडणारे, स्पर्धांतून पदके आणणारे अशा साऱ्यांची छायाचित्रे झळकतात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. कष्टाने मिळवलेल्या यशाचा सन्मान ज्या समाजाला करता येत नाही, त्या समाजात कष्ट करण्याची उमेदही टिकत नाही. परंतु ज्या यशावाचून पुढचे कोणतेच यश संभवत नाही, त्याचा फलक कधी कोणी लावला आहे काय? दुसरीतल्या एखाद्या मुलीने कोणाच्याही मदतीवाचून आयुष्यातले पहिले वाक्य वाचले आणि त्याचा अर्थ कळून ती हसली, ही घटना वर्गाच्या चार भिंतींतच घडते आणि बहुधा तेथेच विरून जाते.

वास्तविक आपल्या परंपरेत कौतुकाची सुरुवात निकालापासून नव्हे, आरंभापासून होत असे. कोणत्याही कामाच्या प्रारंभाला आपण आजही 'श्रीगणेशा' म्हणतो. हा शब्द मुलाच्या पहिल्या धुळाक्षरांतून आला आहे. विजयादशमीला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि तिची पूजा करायची, ही प्रथा मराठी घरांत अजूनही आहे. त्या दिवशी पूजा होते ती पाटीची. तिच्या मालकाचा वर्गात कितवा क्रमांक आहे, हे कोणी विचारत नाही. शिकणे हीच मंगल गोष्ट आहे, हा त्यामागचा भाव. तो वर्षातून एका दिवसापुरता उरला, हे आपले दुर्दैव.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. 'असर' या देशव्यापी सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ साली १६.३ टक्के होते; २०२४ साली ते २३.४ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांतली ही वाढ निश्चितच आश्वासक आहे. परंतु याचा दुसरा अर्थ असा की, चारपैकी तीन मुले अजूनही त्या उंबरठ्याबाहेरच उभी आहेत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. अशा वेळी हा उंबरठा ओलांडणारे प्रत्येक पाऊल मोलाचे नाही काय?

हे पाऊल किती अवघड असते, याचा आपल्याला, म्हणजे मोठ्यांना, विसर पडलेला असतो. 'त्रेसष्ट' हा साधा शब्द घ्या. उच्चारात आधी तीन येतात आणि मग साठ. अंकांत लिहिताना मात्र आधी सहा आणि मग तीन. ऐकलेल्या क्रमाने मूल ३६ लिहिते आणि आपण त्यावर तांबडी फुली मारतो. 'एकोणसत्तर' ऐकून सत्तरच्या घरात शिरणारे मूलही वेंधळे नसते. ते आपल्या कानांशी प्रामाणिक असते. २०१९ साली 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' या धर्तीवर संख्यावाचन सुचवले गेले, तेव्हा मोठा वाद झाला. त्या पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. पण त्या वादामुळे मुलांच्या या अडचणीकडे समाजाचे लक्ष गेले, हे मान्य करावे लागेल. आणि म्हणूनच, आठवडाभर धडपडून ज्या दिवशी मूल ६३ बिनचूक लिहिते, त्या दिवशी त्याने एक मोठी लढाई जिंकलेली असते.

अशा लहान विजयांची पारख असणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पाने यांतून आदिवासी मुले मोजायला शिकली. त्या मुलांना पदके मिळाली नाहीत. परंतु आपण काय शिकलो, हे पाहणारी आणि पाहून आनंदणारी शिक्षिका त्यांना लाभली होती.

आज तशी नजर ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले आणि शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्यात अशी पद्धत आली. कल्पना उत्तमच. व्यवहारात मात्र तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि 'स्पष्ट वाचन करतो', 'उपक्रमात सहभागी होतो' ही वाक्ये वर्गातल्या निम्म्या मुलांपुढे उतरवली जाऊ लागली. सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. एकाच शिक्षकावर दोन-तीन इयत्ता, वर माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणांची कामे असतील, तर मुलाकडे निवांत पाहायचे केव्हा? शिक्षकाला तेवढी उसंत मिळवून देणे, हीच मुलांच्या कौतुकाची पहिली अट आहे.

कोणी म्हणेल, ऊठसूट कौतुक केल्याने मुले शेफारतील. शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर कौतुक टाळण्यात नाही, ते नेमके करण्यात आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधिकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे अवघड प्रश्नांना बिचकली; मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली मुले त्या प्रश्नांना भिडली. 'हुशार' ही पदवी मुलाला राखावी लागते. 'आज तू हातच्याची वजाबाकी बेरीज करून पडताळलीस' हे वाक्य मात्र त्याला पुढची वाट दाखवते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना यात पुष्कळ करता येईल. शाळेतून आलेल्या मुलाला 'किती गुण मिळाले?' याऐवजी 'आज नवे काय जमले?' असे विचारावे. आजीला तिच्या नातवाने रोज एक पान वाचून दाखवावे आणि आजीने ते मनापासून ऐकावे. पालकसभेत केवळ तक्रारी आणि शुल्क यांचीच चर्चा न होता, वर्गातल्या प्रत्येक मुलाने या महिन्यात गाठलेला एक टप्पा सांगितला जावा. शाळेच्या परिपाठात दिनविशेषानंतर दोन मिनिटे या छोट्या यशांसाठी राखली, तर त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

राष्ट्र घडते ते शाळेच्या वर्गात, असे आपण व्यासपीठांवरून सांगत असतो. ते खरे मानायचे, तर शेवटच्या बाकावर अडखळत जोडाक्षर वाचणारे मूलही राष्ट्रच घडवत असते. पहिल्या क्रमांकासाठी टाळ्या वाजवणारे हात पुष्कळ आहेत. त्या मुलाच्या पहिल्या वाक्यासाठीही ते उठायला हवेत.