आपल्या दारांची मोजदाद



लालबाग-परळच्या कित्येक घरांतील आजोबांनी गोदीत हमाली केली. त्यामुळे ‘पोर्ट’ म्हणजे बंदर, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. संगणकालाही पोर्ट असतात. माल तिथेही ये-जा करतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

२७ जून २०१७ रोजी समुद्रापलीकडच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. संप नव्हता, वादळ नव्हते. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला होता आणि मर्स्क समूहाच्या संगणकांबरोबर इथलेही संगणक बंद पडले. कंटेनर तुंबले, कामे हाताने करायची वेळ आली. कार्यालयांच्या आतल्या जाळ्यात तो ज्या वाटांनी फिरला, त्यांतील एक वाट म्हणजे ४४५ क्रमांकाचे पोर्ट. त्या वाटेवरील दोष मिटविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती.

मग पोर्ट म्हणजे नेमके काय? बीडीडी चाळीची एक इमारत डोळ्यांसमोर आणा. तळमजला आणि वर तीन मजले, मिळून ८० खोल्या. पोस्टमनला इमारतीचा क्रमांक लागतो, तसा खोलीचाही लागतो. संगणकाचा पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे खोली. मात्र या चाळीत खोल्या ६५,५३५! ८० क्रमांकावर साधी वेबसाइट, ४४३ वर बँकेसारखी कुलूपबंद वेबसाइट, २५ वर टपाल, २२ वर दुरून संगणक चालविण्याची सोय, ४४५ वर विंडोजमधील फायलींची देवाणघेवाण. बहुतेक खोल्या रिकाम्याच असतात.

कोणत्या खोलीत कोणी आहे, हे पाहणारा प्रोग्राम म्हणजे पोर्ट स्कॅनर. तो लिहायला मोठी पदवी लागत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना लॅपटॉप चालतो आणि पायथॉन ही भाषा फुकट मिळते. प्रोग्राम पंधरा ओळींत बसतो. प्रथम पायथॉनमधील ‘सॉकेट’ हे साधन मागवायचे. पत्ता द्यायचा १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचाच संगणक. मग १ पासून १०२४ पर्यंत फेरा लावायचा. फेऱ्यात शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून १०२५ लिहायचे. प्रत्येक क्रमांकासाठी नवे सॉकेट उघडायचे, वाट पाहण्याची मुदत एक सेकंद ठेवायची, दार वाजवायचे, उत्तर शून्य आले तर तो क्रमांक छापायचा आणि सॉकेट बंद करायचे. बस्स, एवढेच.

दार वाजविल्यावर तीन गोष्टी घडू शकतात. आतून ‘या’ असे उत्तर येते, ते पोर्ट उघडे. लगेच नकार येतो, ते बंद. काहीच उत्तर येत नाही आणि मुदत संपते, तिथे बहुधा फायरवॉल नावाचा पहारेकरी आहे. मुदत का हवी, तेही हिशेबाने पाहा. सर्व ६५,५३५ दारे गप्प राहिली, तर एकेका सेकंदाने १८ तासांहून अधिक वेळ जाईल. मुदतच नसेल, तर एकेका दारावर त्याहूनही जास्त ताटकळावे लागेल.

आता कारकुनाच्या नजरेतून एक गोष्ट सांगतो. नुसती यादी छापून काही साधत नाही. कॅशबुक आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवतो, तेव्हाच फरक सापडतो. म्हणून प्रोग्राम चालविण्याआधी वहीत लिहा : या संगणकावर कोणती दारे उघडी हवीत आणि कशासाठी? नंतर स्कॅनरची यादी शेजारी ठेवा. वहीत नसलेला जो क्रमांक दिसेल, त्याच्यापाशी थांबा. विंडोजवर ४४५ बहुधा दिसेलच. त्याने घाबरू नका. दुरुस्त्या वेळेवर भरल्या आहेत का, हे पाहा. शिवाय आतून उघडे दिसणारे दार बाहेरून फायरवॉलने बंद असू शकते. त्यासाठी घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून पुन्हा तपासा.

मुलांना एक ताकीद मात्र द्या. दुसऱ्याच्या संगणकाची दारे त्याच्या परवानगीशिवाय वाजवू नयेत. शेजाऱ्याच्या दारावर रात्री हजार थापा मारणाऱ्याला कोणी अभ्यासू म्हणत नाही. विनापरवानगी आत शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोकरी लागण्याआधीच नावावर गुन्हा लागणे आपल्या घरांना परवडणारे नाही.

आपली मुले-मुली एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतात, ते चांगलेच आहे. पण टायपिंग येणारे हजारो उमेदवार रांगेत उभे असतात. संगणकाच्या आत काय चालते, हे सांगू शकणारे थोडेच. जाळे सांभाळणाऱ्या माणसाचे रोजचे पहिले काम हेच : आपली दारे किती, उघडी कोणती आणि का. हे काम दहा बाय बाराच्या खोलीत, रविवारच्या एका दुपारी शिकता येते.

पालकांना प्रोग्राम वाचता आला नाही तरी बिघडत नाही. मुलाकडे वही मागा आणि एवढेच विचारा, “हे दार उघडे कशाला?” त्याला उत्तर देता आले, तर तो शिकला असे समजा.